डॉक्टरांनी दिलेली तारीख

खुर्ची खिडकीजवळ ओढून घे. पाठीला उशी लाव आणि पायांखाली काहीतरी ठेव; स्टूल नसेल तर तो न फोडलेला डायपरचा खोका चालेल. पाय लोंबते ठेवलेस तर संध्याकाळी घोटे सुजतील. पहाटेची अजान होऊन गेली आहे, ऑफिसच्या फोनला अजून जाग आलेली नाही. तेवढाच वेळ आपल्याला हवा आहे. मी बोलेन, मध्ये थांबेन. मी थांबले की तूही तिथेच थांब. मन भरकटलं तर त्याला हाकलून परत आणू नकोस. कुठे गेलंय तेवढं बघून ठेव.

एसी थोडा वेळ बंद कर. ऑक्टोबर सरत आला की दुबईत पहाटे एवढं जमतं. आता बाकीचे आवाज वर येतील: फ्रीजची घरघर, लिफ्टचं दार, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी नळ, आणि लांबून हमरस्त्याचा न थांबणारा आवाज. ऐकत राहा.

खोल श्वास घे, असं मी म्हणणार नाही. सातवा लागला की गर्भाशय वर चढतं, छातीखालच्या पडद्याला वर ढकलतं, आणि खोल श्वास घ्यायला गेलं की उलट धाप लागते. योगवर्गाच्या व्हिडिओतली ती सडपातळ बाई म्हणते तसं तुला जमणार नाही, जमायची गरजही नाही. जो येतोय, जेवढा येतोय, तेवढा येऊ दे. आखूड असेल तर आखूड.

थांब इथे जरा.

डॉक्टरांनी तारीख दिली आहे. ती आता मनात येऊ दे. तशी ती मनातून गेलेलीच नाही म्हणा. फ्रीजवर चिकटवलेल्या कालनिर्णयावर आहे, एचआरला पाठवलेल्या मेलमध्ये आहे, आईच्या विमानाच्या तिकिटात आहे. कामावर तू लोकांना तारखा देतेस आणि पाळून दाखवतेस, त्याचाच पगार मिळतो तुला. म्हणून ही तारीखही तू त्याच हाताने उचललीस. आज तिच्याकडे जरा निराळं बघू.

ती आली कुठून? शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, सात दिवस पुढे जायचं, तीन महिने मागे यायचं, वर्ष बदलायचं. फ्रान्झ नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावाने हा हिशोब दोनशे वर्षांपासून चालत आला आहे. सोनोग्राफीने त्यात थोडी दुरुस्ती होते. २८० दिवस, चाळीस आठवडे. आणि नेमकी त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. बाकीची आधी येतात किंवा नंतर. पहिलटकरणीला तर बहुधा थोडी जास्तच वाट बघावी लागते.

म्हणजे ही अटकळ आहे. चांगली, अभ्यासू अटकळ, पण अटकळच. आणि तिच्यावर काय काय बेतलं आहे, ते एकेक समोर आण. आलं की बघ, आणि बाजूला ठेव.

आधी रजा. २०२२च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या कामगार कायद्यानुसार इथल्या खासगी नोकरीत बाळंतपणाची रजा साठ दिवस: पंचेचाळीस पूर्ण पगारी, पंधरा अर्ध्या पगारी. परत रुजू झाल्यावर, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत, दूध पाजण्यासाठी रोज तासाभराची मोकळीक. नवऱ्याला पाच दिवस, तेही सहा महिन्यांच्या आत केव्हाही घ्यायचे. काही कंपन्या आपणहून यापेक्षा बरंच जास्त देतात. तुझी देत असेल तर छान. नसेल तर एकसष्टाव्या दिवसाचं चित्र डोळ्यांपुढे आण: बाळ दोन महिन्यांचं आहे, मान अजून धरत नाही, नुकतंच कुठे तुझ्याकडे बघून हसायला लागलं आहे, आणि तू मेट्रोच्या महिलांच्या डब्यात उभी आहेस, ब्लाउज ओला होऊ नये म्हणून आत पॅड लावून.

राग आला? येऊ दे. मननाला बसलं म्हणजे चेहरा बुद्धासारखा ठेवायचा, असं कुणी सांगितलं? साठ दिवस कमीच आहेत. पुण्यात तुझ्याच शिक्षणाची, तुझ्याच हुद्द्यावरची मैत्रीण २०१७च्या दुरुस्तीनंतर सव्वीस आठवडे घरी असते. तुझ्याकडे तिच्यापेक्षा पगार जास्त आहे, दिवस कमी आहेत. हा सौदा तू डोळे उघडे ठेवून केलास, तरी आज तो छातीत टोचणार. कुठे टोचतोय ते नेमकं शोध. घशाशी? बरगड्यांमध्ये? त्या जागेवर हात ठेव आणि मी पुढे बोलेपर्यंत तिथेच राहू दे.

पुढचं. आईचा व्हिजिट व्हिसा, साठ दिवसांचा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत; पण विमान कंपन्या अठ्ठावीस आठवड्यांच्या पुढे डॉक्टरांची चिठ्ठी मागतात, छत्तीसच्या पुढे बहुतेक जणी चढूच देत नाहीत, आणि रजेचे दिवस मोजके. तेव्हा माहेरच बॅगा भरून इकडे येतं. तेवीस किलोच्या दोन बॅगांत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा, मऊ झालेली जुनी धोतरं, कुंची, दुपटी. (अळीव नि डिंक इथे मीना बाजारात मिळतात, अकोल्याकडच्या दातारांचं दुकान १९८४पासून आहे, हे आईला सांगून काही उपयोग नाही. ती आणणारच.) आता प्रश्न असा की आई केव्हा यावी? तारखेच्या आधी पंधरा दिवस आली आणि बाळ दहा दिवस उशिरा आलं, तर साठातले पंचवीस वाट बघण्यातच गेले. उशिरा आली आणि बाळाला घाई झाली, तर रात्रीचा दिवस करायला तुम्ही दोघंच. हा हिशोब तू किती रात्री केला आहेस, मला माहीत आहे. आज करू नकोस. नुसतं बघ की आईच्या येण्यालाही शेवटची तारीख आहे.

मग बाळाचे स्वतःचे कागद. दुबईत पहिले तीस दिवस ते तुझ्या आरोग्य विम्यात, त्यानंतर त्याचा स्वतंत्र. जन्मदाखला, मग आपल्या वकिलातीत जन्मनोंदणी आणि भारतीय पासपोर्ट, मग एकशेवीस दिवसांच्या आत इथला रहिवासी व्हिसा, नाहीतर दंड. इथे जन्मलं म्हणून इथलं नागरिकत्व मिळत नाही. आपल्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या चौथ्या कलमाने ते आईबापांवरून भारतीय ठरतं, पण त्यासाठी वर्षाच्या आत नोंद व्हायला हवी आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट त्याच्याकडे नाही, असं तुम्ही लिहून द्यायला हवं. अजून ज्याला नखं धड आलेली नाहीत, त्याच्या नावाने एवढ्या मुदती.

आलं सगळं समोर? आता काही ठरवू नकोस. फाइल कपाटात आहे, लग्नाचा दाखला अटेस्ट झालेला आहे, प्रती काढलेल्या आहेत. तुझ्या हातात होतं ते तू केलं आहेस. आपण परदेशात राहणारी माणसं मुदतींत इतके मुरतो, की व्हिसा दोन वर्षांचा, घराचा करार वर्षाचा, नोकरी पुढच्या नूतनीकरणापर्यंत, यात आपलं आपल्याला काही वाटेनासं होतं. आत जे वाढतंय त्याला यातलं काही ठाऊक नाही. त्याच्या फुप्फुसांना तयार व्हायला जेवढा वेळ हवा, तेवढा ते घेणार.

तुझी आजी मात्र तारीख विचारत नाही. ती म्हणते, मार्गशीर्षात होशील मोकळी. पहिल्या गुरुवारी की शेवटच्या, तिला फरक पडत नाही. महिनाभराचं ऐसपैस अंगण तिने बाळासाठी सोडलं आहे, त्यात केव्हाही या. इथली जुनी माणसंही अशीच सैल मोजत. ऑगस्टच्या अखेरीस पहाटे सुहैल तारा दिसला की उन्हाळ्याचा कणा मोडला म्हणायचे. दुसऱ्या दिवशी लगेच गारवा येत नसे, कुणाची तशी अपेक्षाही नव्हती. तो तारा म्हणजे आपला अगस्त्य, ज्याच्या उदयानंतर पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं असं आपण म्हणतो. या दिवसांत पहाटे पाचला तो बरोबर दक्षिणेला असतो, क्षितिजापासून थोडाच वर. तुझ्या खिडकीतून समोरचा टॉवर सोडून काही दिसत नाही, मान्य. टॉवरच्या पलीकडे तो आहे, एवढं पुरे.

आता तारखेला मनातल्या मनात तिच्या दोन्ही बाजूंनी दोन-दोन आठवडे दे. पसरू दे तिला. त्या पसरलेल्या महिन्यात स्वतःला बसवून बघ. अस्वस्थ वाटतं का मोकळं? दोन्ही चालेल.

दोन्ही हात पोटावर घे. उजवा जरा वर, डावा ओटीपोटाशी. हाक मारू नकोस, टिचकी मारू नकोस, थंड पाणी पिऊन त्याला जागं करायचा तो प्रकारही नको. झोपलं असेल. पोटातली बाळं बराचसा वेळ झोपेतच असतात, आणि गंमत अशी की दिवसभर तू चालतेस, जिने चढतेस, तेव्हा त्या झुलण्याने ती पेंगतात. तू आडवी झालीस की यांचा दिवस सुरू. थांबू या.

हललं असेल, नसेल. हललं तर लगेच फोन उचलून नोंद करू नकोस, ती नोंद दिवसभरात नंतर कर, ती महत्त्वाचीच आहे. रोजच्यापेक्षा हालचाल कमी वाटली तर ऑफिस, ट्रॅफिक, लाज, सगळं सोडून तडक दवाखान्यात जायचं, हेही पक्कं ठेव. पण आत्ता ही दहा मिनिटं मोजदादीची नाहीत.

त्याला आत काय ऐकू येत असेल, याकडे लक्ष ने. साधारण सहा महिने सरले की बाळ आवाजाला दाद देऊ लागतं. पाण्यातून, मांसातून, त्वचेतून जे पोचतं त्यात अक्षरांच्या कडा पुसलेल्या असतात. चढउतार, ठेका, सूर तेवढा शिल्लक राहतो. तुझ्या हृदयाचे ठोके, रक्ताचा सळसळाट, पोटातली गुरगुर. त्यावर तुझा आवाज, जो आतूनही येतो आणि बाहेरूनही, म्हणून सगळ्यांत ठळक. अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या दोघांनी १९८०मध्ये दाखवलं की अवघ्या दोन-तीन दिवसांची बाळं चोखणी चोखण्याचा वेग बदलून आईचा आवाज निवडतात, परक्या बाईचा नाही. आणि २००९मध्ये जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गच्या काथलीन वेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांचं रडणं ध्वनिमुद्रित करून तपासलं: फ्रेंच आयांच्या बाळांचं रडणं चढत जाणारं, जर्मन आयांच्या बाळांचं उतरत जाणारं. जन्मून फार तर पाच दिवस झाले होते. रडण्यातसुद्धा आईच्या बोलीची चाल होती.

तेव्हा मनात एक दिवस फिरवून आण आणि तो त्याच्या कानांनी ऐक. सकाळी नवऱ्याशी मराठी, अर्धवट झोपेतली. खाली वॉचमनशी हिंदी. टीममध्ये इंग्रजी, त्यात शेजारच्या टेबलावरून मल्याळम, कुणाचं तागालोग. सरकारी काउंटरवर अरबीतले चार शब्द, सलाम आणि शुक्रनपुरते. पाच वेळा अजान. रात्री आईशी बोटिम ॲपवर, मोठ्याने, कारण तिला वाटतं अंतर जास्त असलं की ओरडून बोलावं. या सगळ्या गोंगाटात कुठल्या वेळी तुझा आवाज सर्वांत मोकळा सुटतो? तू कुणाशी बोलताना भांडतेस, चिडवतेस, वाक्य अर्धं सोडतेस? ते बोलणं आठव. त्याचा सूर मनात धर. बाळ त्या सुरावर वाढतंय.

म्हणून म्हणते, गर्भसंस्काराची ती ॲप ऐकायची असतील तर खुशाल ऐक, बासरी कुणाला आवडत नाही? पण अभिमन्यूच्या गोष्टीने घाबरून जाऊ नकोस. सुभद्रेला झोप लागली म्हणून पोराचा घात झाला, हे ओझं आपण हजारो वर्षं बायकांच्या माथी ठेवलं आहे. सातव्या महिन्यात कुणालाही झोप लागते. लागू दे.

आता जरा अवघड ठिकाणी जाऊ. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी आठव. अंधारी खोली, पोटावर कोमट जेल, पडद्यावर राखाडी ढग आणि त्यात एकदम ठळक मणक्याची माळ. सोनोग्राफी करणारी बाई तोंडभर हसून विचारते: सांगू का?

आपल्याकडे हा प्रश्न गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८मध्ये, देशात सगळ्यांत आधी, त्यासाठी कायदा केला. देशाचा कायदा १९९४चा. आपल्या पिढीने सोनोग्राफी केंद्रातली ती पाटी पाहिलेली आहे: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. पाटी असूनही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या आणि २०११ साली ८९४. इथे मात्र ती हसून सांगायची गोष्ट. मॉलमध्ये गुलाबी आणि निळे केक मिळतात, वाळवंटात नेऊन रंगीत धूर सोडतात.

तू काय म्हणालीस त्या बाईला, ते मला नको सांगूस. हो म्हणाली असशील, तरी त्यात पाप नाही. दुसरंच काहीतरी बघायचं आहे. तू माहीत करून घेतलं असशील तरीही, नसशील तरीही, मनात एक शब्द म्हण: मुलगी. म्हण आणि गप्प बस. शब्द अंगात उतरू दे. खांदे काय करतात? चेहऱ्यावर काय येतं? कुणाचा आवाज आधी ऐकू येतो, सासूबाईंचा, गावच्या काकांचा, तुझा स्वतःचा?

थोडा वेळ जाऊ दे.

आता म्हण: मुलगा. पुन्हा तसंच.

फरक पडला असेल. अगदी बारीक, केसाएवढा. आपण शिकलेल्या, कमावत्या, इथे येऊन घर केलेल्या बायका. आपल्याला वाटतं हे मागे टाकून आलो. आणि तो केसाएवढा फरक अंगात कुठेतरी पडलेला असतो, कुणीतरी कधीतरी ठेवून गेलेला. पहिली बेटी धनाची पेटी ही म्हणसुद्धा बघ, समजूत घालायला काढलेली. धनाचं नाव काढल्याशिवाय मुलीचं स्वागत करता येत नाही. जो फरक दिसला त्याची लाज धरू नकोस आणि त्याला समजावायलाही बसू नकोस. तो दिसला, एवढं काम झालं. न दिसता राहिला असता तर बारशाच्या दिवशी फोनवरच्या कुणाच्या तरी 'असू दे, असू दे' मध्ये तूही मान हलवली असतीस.

पाय अवघडले असतील, बदल. पाणी पी एक घोट.

भीतीकडे वळू. बाळंतपणाची भीती वाटते ना? इथे अमुक दवाखाना सीझरच करतो, तमुक ठिकाणी थांबतात, असं प्रत्येक बाई दुसरीला सांगते. ते आत्ता बंद कर. त्याऐवजी याच मातीवरच्या आधीच्या बायका आठवू. १९६०च्या नोव्हेंबरात पॅट आणि मॅरियन केनेडी हे अमेरिकन डॉक्टर जोडपं चार मुलांना घेऊन अल ऐनला आलं. शेख झायेद यांनी त्यांना एक मातीच्या विटांचं पाहुणेघर दिलं, तोच दवाखाना. त्यापूर्वी तिथल्या बायका खजुराच्या झावळ्यांच्या घरात बाळंत होत, आणि निम्मी मुलं दगावत असं त्या दवाखान्याच्या इतिहासात सांगितलं जातं. निम्मी. एवढ्यासाठी तरी आपल्या चकचकीत वॉर्डाला मनातून नमस्कार कर, बिल कितीही येवो.

आणि त्याच दशकात नागपूरची एक तरुण डॉक्टर शारजात उतरली, झुलेखा दाऊद. रस्ते धड नाहीत, विजेची बोंब, भाषा परकी. व्यवहार मात्र रुपयांत, रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या छापलेल्या नोटांत. त्या इथे १९६६पर्यंत चालल्या. या बाईंच्या हातून दहा हजारांहून जास्त बाळंतपणं झाली. १९९२मध्ये त्यांनी शारजात स्वतःचं रुग्णालय उभं केलं, २०१९मध्ये त्यांना प्रवासी भारतीय सन्मान मिळाला. पुरस्कार राहू दे. मला त्यांच्या पहिल्या वर्षातली एखादी रात्र डोळ्यांपुढे आणावीशी वाटते: बद्दू बाई कळा देते आहे, नागपूरची मुलगी तिला जोर लाव म्हणतेय, दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नाही आणि तरी काम चाललंय. तू त्या रात्री तिथे उभी राहून बघ. कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी. तिचा हात धर हवं तर. तुझ्या खोलीत तुझा हात धरणारी नर्स कोट्टायमची असेल किंवा मनिलाची, आणि तिचं स्वतःचं लेकरू तिच्या आईपाशी वाढत असेल.

त्या नर्सपाशी थोडं थांब. घाईने 'बिचारी' म्हणू नकोस.

आणि तिथून त्या बापांकडे, ज्यांना कुटुंब आणताच येत नाही. इथे बायको-मुलांना आणायचं तर पगार किमान चार हजार दिरहम हवा, किंवा तीन हजार आणि राहायला जागा. त्याखालचे, आपल्या रत्नागिरीचे, बीडचे, जळगावचे, सोनापूरच्या आणि अल कूझच्या कामगार वस्त्यांमधल्या खोल्यांत सहा-आठ जण राहतात. बाप झाल्याची बातमी त्यांना शिफ्टच्या मधल्या सुट्टीत कळते. फोनच्या पडद्यावर कापडात गुंडाळलेलं काहीतरी लाल दिसतं, नेट अडकतं, चेहरा तुकड्यातुकड्यांत गोठतो, आणि आजूबाजूचे सातजण टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा हातात घेईपर्यंत मूल चालायला लागलेलं असतं. तुझ्या नवऱ्याचे पाच दिवस त्या माणसाच्या शेजारी ठेवून बघ. साठ दिवसांचा राग विरेल असं नाही. विरू नयेच. पण त्या रागाच्या बाजूला अजून एक गोष्ट बसेल, ती बसू दे.

परत खोलीत ये. तुझ्या हाताखाली पोट आहे. कुठलं म्हणायचं याला, हा प्रश्न आता येईल. एरवी तो रात्री दोनला येतो. पासपोर्टवर जन्मस्थळ दुबई, राष्ट्रीयत्व भारतीय, आडनावात कोकणातलं गाव. शाळेत गेल्यावर कुणी विचारलं तर काय सांगेल? आपण परत कधी जाऊ, की जाणारच नाही? या प्रश्नाला आज उत्तर दिलंस तर ते तू स्वतःला दिलेलं असेल, त्याला नाही. गेल्या आठवड्यात दसरा झाला. तू मुश्रिफ पार्कात फिरायला गेली होतीस ना, तिथली काटेरी, बारीक पानांची झाडं म्हणजे घाफ, २००८पासून या देशाचा राष्ट्रीय वृक्ष. आणि वनस्पतिशास्त्रात तेच झाड आपली शमी, सीमोल्लंघनाला जिची पूजा करतात. इथले लोक तिच्या सावलीत उंट बांधत, आपल्या गोष्टीत पांडव तिच्यावर शस्त्रं लपवतात. मुळांच्या उपमा आता धडाधड सुचतील, त्या तुला नकोत, मलाही नकोत. पुढच्या शनिवारी गेलीस तर खोडाला पाठ लावून बस, काटे बघून. पाठीला आधार मिळतो, तेवढ्यासाठी.

आता नवऱ्याला उठव. त्याचीही पाच मिनिटं आहेत. त्याला म्हणावं, खुर्चीशेजारी जमिनीवर बस, फोन पालथा घाल, आणि तळहात इथे ठेव. त्याला इतके महिने आत काहीच झालेलं नाही. त्याने क्रिब जोडलं, कार सीट आणली, विम्याच्या लोकांशी भांडला. वाट बघण्याचं काम त्याच्या वाट्याला आलंच नाही. त्यालाही तारीख सोडायला सांग. आणि बोलायला सांग, पोटाशी तोंड नेऊन. काय बोलू, असं विचारेल. काहीही. क्रिकेटचा स्कोअर, दीवाचं वीज-पाण्याचं बिल, शेअर बाजार. आवाजाची ओळख व्हायला हवी, विषयाची नको. पुरुषाचा आवाज खालच्या पट्टीतला, तो आत बरा पोचतो. सुरुवातीला लाजेल. मुलगे आपल्याकडे इतके मोठे होतात आणि कुणी त्यांना पोटाशी बोलायला शिकवलेलं नसतं.

तो बोलत असताना तू मनात नाव घेऊन बघ. ओठांवर नको, बारसं व्हायचं आहे. दोन नावं ठरली आहेत ना, दोन्ही घे, आळीपाळीने, आणि कुठल्या नावाला पोट हललं असलं काही शोधत बसू नकोस. एक अडचण मात्र आत्ताच सांगून ठेवते. जन्मदाखला अरबीतही निघतो, आणि अरबीत प नाही, इंग्रजी V सारखा व नाही. पल्लवी ठरवली असशील तर कागदावर ती ब ने सुरू होईल, वेदांत फ ने. त्यात काही बिघडत नाही, फक्त स्पेलिंग लिहून देताना काउंटरवर डोकं शांत ठेव. आणि दाखल्याचा अर्ज भरताना नाव लागतं, बाराव्या दिवसाची वाट तिथला कारकून बघत नाही. तेव्हा ठाण्याच्या नणंदेला आजच फोन कर, ऑफिसला निघायच्या आधी. तिला म्हणावं, आत्याबाई, कुर्र बाराव्याच दिवशी करायचं, पाळणा सजवून, सगळ्या बायकांसमोर. पण नाव आधी कळलं म्हणून रुसायचं नाही. ती रुसेल. अर्धा तास धरून चाल.